एक घास कमी : भोजनातली मात्रा आणि आपले घर

(वर्षावासातील प्रवचनमालेत विहारात दिलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)





मी काही विदुषी नाही. छत्तीस वर्षे दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षांनी मला विषय दिला, 'आरोग्य आणि धम्म'. विषय फार मोठा आहे. मी त्यातला एक छोटा तुकडा घेते. आपल्या ताटापुरता.

गेल्या उन्हाळ्यात याच विहारात रक्त-तपासणीचे शिबिर झाले. आपल्या गल्लीतल्या किती तरी जणांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आपल्याला साखर आहे. काहींची तर चाळिशीसुद्धा झाली नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली आला, त्यात देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटी दहा लाख धरली आहे. आणखी साडेतेरा कोटींच्या वर लोक उंबरठ्यावर उभे आहेत. हा श्रीमंतांचा रोग राहिला नाही, बंधूंनो. तो आपल्या वस्तीत येऊन बसला आहे.

का आला? माझे वडील मिलमध्ये होते. आठ तास उभ्याने काम, जाणे-येणे सायकलवर. घरी आल्यावर ते भाताचा डोंगर खायचे आणि तो पचायचा. आता मिल गेली, सायकल गेली, पोरे खुर्चीवर बसून काम करतात. भाताचा डोंगर मात्र आहे तेवढाच राहिला. त्यात सकाळचे तर्री-पोहे, चारला समोसा, आणि दिवसभर चहा. पूर्वी घरात ज्वारीची भाकर आणि चून असायचे, जवसाची चटणी असायची. ते गरिबीचे खाणे म्हणून आपण मागे टाकले. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले तेव्हा तीच ज्वारी दुकानात चकचकीत पाकिटातून आली. असो, तो वेगळा राग आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल, पण नीट ऐकण्यासारखी आहे. संयुत्त निकायात कोसल संयुत्त आहे, त्यात दोणपाक सुत्त येते. कोसलचा राजा पसेनदी हा खाण्याचा फार शौकीन. तो एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खायचा. द्रोण म्हणजे आपल्या पत्रावळीजवळचा पानाचा द्रोण नव्हे हं! द्रोण हे धान्याचे मोठे माप होते. असा एकदा भरपेट जेवून, धापा टाकत, तो भगवंतांच्या भेटीला आला.

आता भगवंतांनी काय केले ते पाहा. त्यांनी राजाला रागावले नाही. उपवास कर म्हणाले नाहीत. हे वर्ज्य कर, ते वर्ज्य कर, अशी यादी दिली नाही. त्यांनी एक लहानशी गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जो माणूस जागरूक असतो आणि मिळालेल्या अन्नातली मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, म्हातारपण सावकाश येते आणि आयुष्य राखले जाते. एवढेच.

त्या वेळी राजाच्या मागे सुदस्सन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा भगवंतांकडून पाठ करून घे आणि मी जेवायला बसलो की मला म्हणून दाखव. त्याबद्दल रोज शंभर कहापण देईन. त्या काळचे शंभर कहापण! सुदस्सनाने ते काम चोख केले. राजाचा आहार हळूहळू उतरत गेला आणि शेवटी एका नाळीभर भातावर आला. नाळी हे लहान माप. पुढे एक दिवस राजा अंगावरून हात फिरवून, अंग हलके झाले म्हणून भगवंतांची आठवण काढतो, असे सुत्ताच्या शेवटी आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत हीच गोष्ट जरा वेगळ्या तपशिलाने येते. तिथे गाथा म्हणणारा राजाचा भाचा आहे, उत्तर नावाचा. आणि तिथे एक बारकावा आहे, जो मला नर्स म्हणून फार आवडतो. गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नाही. राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा म्हणायची. राजा तो घास खाली ठेवेल. त्या घासात जेवढी शिते असतील, तेवढे तांदळाचे दाणे पुढच्या वेळी शिजवताना कमी घ्यायचे.

बघा, किती साधा हिशोब आहे! अर्धे ताट काढून घेतले असते तर राजा दुसऱ्या दिवशी मुदपाकखान्यात चोरून जेवला असता. एक घास गेला तर पोटाला कळतही नाही. पण आज एक गेला, आणि उद्या ताटच एका घासाने लहान आले. राजा ऐंशी वर्षांचा झालेला मज्झिम निकायात दिसतो. भगवंतही ऐंशीचे आणि मीही ऐंशीचा, असे तो स्वतःच म्हणतो.

मी मघाशी चोरून जेवण्याचे म्हटले, ते मनातले नाही. आमच्या घरी झालेले आहे. आमचे हे समोरच बसलेले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगते.

२००९ साली यांची साखर निघाली. मी नर्स. दवाखान्यात रोज दहा लोकांना पथ्य सांगणारी. घरी आले आणि एका दिवसात सगळे बंद केले. साखरेचा डबा उचलून शेजारी दिला. भात बंद, आलू बंद, चहा बिनसाखरेचा, रात्री फक्त दुधी भोपळा. हे म्हणाले, "तू घरात दवाखाना लावून राहिली का?" मी म्हटले, जगायचे असेल तर खावे लागेल.

अकरा दिवस चालले. बाराव्या दिवसापासून हे घरी निमूटपणे दुधी खायचे आणि चौकात जाऊन समोसा-कढी खायचे. चहा ऑफिसात. तीन चमचे साखर घालून, सहा कप. मला वाटायचे, एवढे पथ्य करूनही साखर का उतरत नाही? मी गोळ्यांना दोष द्यायची. हे खोटे बोलत होते, आणि खोटे बोलायची पाळी मीच आणली होती. तीन वर्षे अशी गेली. २०१२ साली डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली, जखम चिघळली आणि बोट काढावे लागले. ड्रेसिंग मीच करायची. हजारो लोकांचे केले असेल. पण त्या पायाचे करताना माझे हात थरथरायचे.

एका संध्याकाळी ड्रेसिंग चालू असताना यांनी आपणहून सांगितले, समोशाचे, चहाचे, सगळे. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काय होते? त्याच आठवड्यात विहारात भन्तेजींनी पसेनदीची गोष्ट सांगितली. मी लहानपणापासून ती ऐकत आले होते, पण तोवर मला त्यात फक्त जाड राजा दिसायचा. त्या दिवशी मला सुदस्सन दिसला. सुदस्सनाला कोणी नेमले? राजाने! खाणाऱ्यानेच सांगितले होते, की मला आठवण कर. मी मात्र स्वतःच स्वतःची नेमणूक करून घेतली होती.

घरी येताना मी यांना विचारले, "तुम्हाला काय जमेल ते तुम्ही सांगा. मी माझ्या मनाने काही बंद करणार नाही." हे बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "चहातली पाव चमचा कमी कर. पण मला सांगून कर."

पाव चमचा! मला हसू आले होते. दवाखान्यात कोणी असे म्हटले असते तर मी ऐकून घेतले नसते. पण हिशोब करून बघा. एका चमच्यात साधारण पाच ग्रॅम साखर. तीन चमचे, सहा कप, म्हणजे दिवसाला नव्वद ग्रॅम. महिन्याला पावणेतीन किलो, एका माणसाच्या नुसत्या चहाची! जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते की मोठ्या माणसाची दिवसाची वरून घातलेली साखर सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत असावी, आणि पंचवीसच्या आत आली तर अधिक चांगले. आणि हे साखर नसलेल्या माणसासाठी आहे.

दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करायचे ठरले. हिशोबाने पाच महिन्यांत तीन चमच्यांचा अर्धा चमचा व्हायला हवा होता. प्रत्यक्षात आम्हाला वर्ष लागले. मध्ये दिवाळीचा फराळ आला, पुतणीचे लग्न आले, दोनदा आम्ही पुन्हा दीड चमच्यावर गेलो. मी कॅलेंडरवर लिहून ठेवायची, पण मोठ्याने बोलायची नाही. गंमत अशी, की एक चमच्यावर आल्यानंतर हे एकदा मित्राकडे गेले, तिथला चहा प्यायले आणि घरी येऊन म्हणाले, "अगं, ते लोक पाक पिऊन राहिले!" जीभ बदलली होती. सहा कपांचे तीन कप तर त्यानंतर आपसूक झाले.

मग भात. यांच्या ताटातला भात मी कमी वाढत नव्हते. तांदूळ निवडताना एक छोटी मूठ काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. राजाच्या भाच्याचीच युक्ती. त्याच्या जागी काकडी, मुळा, पालक, मेथी, अंबाडीची भाजी, जे हंगामात स्वस्त असेल ते. आठवड्यातून दोन रात्री भाकर होती, त्या तीन केल्या, मग चार. गोळ्या चालूच होत्या, आजही आहेत, चालणे वाढवले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी दहाच्या घरात होती, ती दोन वर्षांत सातच्या आसपास आली. बोट काही परत आले नाही. पण दुसरे कोणते गेलेही नाही.

काही लोक म्हणतील, बाई, हा तर घरगुती किस्सा झाला, धम्माच्या शिस्तीत असे लाड चालतात का? त्यांच्यासाठी संघाचेच उदाहरण देते. आपण अष्टशील घेतो तेव्हा विकाल भोजनापासून विरत राहतो, दुपारनंतर जेवत नाही. हा नियम एका दिवसात आलेला नाही. मज्झिम निकायातल्या लटुकिकोपम सुत्तात भिक्खू उदायी सांगतो, की पूर्वी आम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ असे सगळ्या वेळी जेवायचो. भगवंतांनी आधी दुपारचे अवेळचे जेवण सोडायला सांगितले. मला वाईट वाटले, कारण उपासक छान छान पदार्थ दुपारी द्यायचे. पण भगवंतांवरच्या प्रेमापोटी आणि आदरापोटी सोडले. मग काही काळाने त्यांनी रात्रीचेही सोडायला सांगितले. तेव्हाही वाईट वाटले.

किती प्रामाणिक भिक्खू! वाईट वाटले हे तो लपवत नाही. आणि पुढे सांगतो की रात्रीच्या भिक्षेला अंधारात जाताना भिक्खू गटारात पडायचे, काट्यांत शिरायचे, झोपलेल्या गायीवर आदळायचे. एकदा एक बाई भांडी घासत होती, वीज चमकली, समोर हा उभा. ती भूत समजून किंचाळली! भिक्खूंनाही जर दोन टप्प्यांत सोडावे लागले, तर आपण संसारी माणसे, आपल्याला वीस टप्पे लागले तर त्यात लाजायचे काय?

दुसरा एक प्रश्न मला आमच्या मंडळातल्या एका मावशींनी विचारला, तो अधिक अवघड होता. त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांनी महाडला सांगितलं आणि आपल्या लोकांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडलं. हळूहळू नाही, सोडलं म्हणजे सोडलं! तुम्ही पाव चमच्याचं काय घेऊन बसल्या?"

खरे आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळ्यापाक्या भाकरीसाठी हात पसरू नका, स्वाभिमानाने जगा, असे आवाहन केले. माझी आजी सांगायची, तिच्या गावात ही गोष्ट पोचली तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने बसून ठरवले आणि घरोघरीच्या चान्या फेकून दिल्या. उपासमार झाली, पण परत आणले नाही. मी मावशींना म्हटले, ते अपमानाचे अन्न होते. त्या घासाबरोबर गुलामी पोटात जात होती, तिथे अर्धे सोडणे हे सोडणेच नव्हते. शिवाय सगळी वस्ती एका वेळी सोडत होती, शेजारच्या घरी जाऊन कोणी खाऊ शकत नव्हते. साखरेचे तसे नाही. ती पाहुणचारात आहे, प्रेमात आहे. तुम्ही माझ्या घरी आल्या आणि मी बिनसाखरेचा चहा दिला तर तुम्हीच चार ठिकाणी सांगाल. सगळ्या वस्तीने बसून ठरवले तर मीही म्हणेन, एका दिवसात करू. मावशी म्हणाल्या, "मग ठरवा की!" त्याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.

मिठाचे थोडक्यात सांगते, कारण रक्तदाबाचे लोकही इथे पुष्कळ आहेत. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. मिठाची जीभही काही आठवड्यांत बदलते. ब्रिटनमध्ये पावातले आणि तयार पदार्थांतले मीठ कारखानदारांकडून थोडे थोडे कमी करवून घेतले गेले. २००३ ते २०११ या आठ वर्षांत तिथल्या माणसाचे रोजचे मीठ साडेनऊ ग्रॅमवरून आठच्या जवळ आले, आणि लोकांना चवीत फरक जाणवला नाही. आपल्या घरचे कारखानदार आपणच आहोत. ताटात वरून मीठ वाढणे बंद करा, सुरुवात तिथून. तेलाचे तर किराण्याच्या यादीतच कळते. महिन्याला किती पिशव्या आणतो ते लिहा, पुढच्या महिन्यात अर्धा किलो कमी आणा, आणि फोडणीला बाटली उपडी करण्याऐवजी चमचा वापरा. बस.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट. 'कमी खा' हे सगळ्यांना लागू नाही. पाली शब्द आहे 'भोजने मत्तञ्ञुता', भोजनातली मात्रा जाणणे. मात्रा म्हणजे कमीच असे नाही. तथागतांनी स्वतः उपासाने हाडांचा सापळा झाल्यावर तो मार्ग सोडला आणि सुजाताची खीर घेतली. आपल्या घरांत सगळ्यांचे झाल्यावर जेवणारी एक बाई असते. तिच्या वाट्याला तळाचा भात आणि वरणाचे पाणी येते. मी दवाखान्यात अशा किती पांढऱ्याफटक सुना पाहिल्या! तिची मात्रा वाढवायची आहे. तिच्या ताटात अंडे, डाळ, मटणाची फोड आधी पडली पाहिजे. वाढत्या मुलांचे, गरोदर बाईचे कमी करायचे नाही. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या आहेत, त्यांनी हे भाषण ऐकून उद्यापासून जेवण तोडू नये. गोळी घेतली आणि जेवण नाही, तर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. डॉक्टरांना विचारूनच करा. आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेह फसला, असे कोणी समजू नका. मधुमेह फसत नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपण जयंतीच्या भाषणात फारसे सांगत नाही. शेवटची आठ-नऊ वर्षे त्या दुखण्याने त्यांचे शरीर पोखरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आई दीक्षाभूमीवर गर्दीत होती. ती सांगायची, बाबासाहेब काठीच्या आणि माणसाच्या आधाराने उभे होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते गेले, पासष्टाव्या वर्षी. तेव्हा औषधे आजच्यासारखी नव्हती. आज आहेत, तपासणी विहारात होते आहे.

शेवटी डब्याचे सांगते, म्हणजे संपलेच. भाताची जी मूठ मी काढायची, ती रोजची पन्नास ग्रॅमच्या आसपास भरायची. महिन्याला दीड किलो तांदूळ. तो पहिल्या महिन्याचा तांदूळ मी इथल्या भोजनदानात आणून दिला, आणि पुढेही देत आले. मग शेजारच्या दोघी-तिघींनी विचारले, त्यांनीही डबे केले. विहाराच्या मागच्या खोलीत आता एक पिंप ठेवले आहे. ज्यांच्या घरी मूठ निघत असेल त्यांनी त्यात आणून टाकावी. ज्यांच्या घरी निघण्याइतके नसेल, त्यांनी अध्यक्षांना हळूच सांगावे, त्याच पिंपातून घरी नेण्याचीही सोय आहे.

आणि आजच्या खीरदानाची खीर मी आणि माझ्या मैत्रिणींनी केली आहे. गेल्या पौर्णिमेला होती त्याहून दोन वाट्या साखर कमी घातली आहे. हे कोणाला सांगायचे नाही असे मंडळाने ठरवले होते, पण सांगून करायचे असते हे मी आमच्या ह्यांच्याकडून शिकले, म्हणून सांगितले. खाऊन बघा आणि गोड कमी वाटली तर मला येऊन सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!